ठिबकची नळी आणि शर्यतीची गाडी

जळगावच्या केळीबागेत साध्या ठिबकची नळी फार लांबवली, की शेवटच्या खोडांना पाणी कमी पडते. घर्षणाने दाब घटतो. शर्यतीच्या गाडीतही पंप अपुरा किंवा नळी अरुंद असेल, तर पूर्ण वेगात इंजेक्टरांना पेट्रोल कमी पडते. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असल्याने दाब 10 टक्के घटला, तर पेट्रोल सुमारे 5 टक्के घटते. खोड दोन दिवस तग धरते. पिस्टनला मात्र काही सेकंदांतच भोक पडू शकते!

मग मांडणी कोणती? बंद टोकाची एकच नळी सोपी व हलकी. पण गरम इंजिनाजवळ साचलेल्या पेट्रोलात बुडबुडे होतात. परतीची नळी असेल, तर पंप जास्तीचे पेट्रोल पाठवतो. इंजेक्टरांपलीकडचा दाबनियंत्रक उरलेले टाकीत सोडतो व बुडबुडे वाहून जातात. मात्र त्याबरोबर इंजिनाची उष्णताही टाकीत येते. धुळे-जळगावकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि पेट्रोलातील हलके घटक त्याआधीच उकळू लागतात. खरा धोका पंपाच्या ओढनळीत, कारण तेथे दाब सर्वांत कमी. म्हणून आम्ही परतीची नळी निवडू. पण त्याआधी पंप टाकीच्या तळाशी बसवू आणि ओढनळी आखूड, रुंद ठेवू.