मोजणीत न मावलेली माणसे

प्रेक्षकसंख्या हेच गुणवत्तेचे एकमेव परिमाण मानले, तर ‘फ्रीक्स अँड गीक्स’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेची नोंद अपयशाच्या खात्यातच करावी लागेल. २५ सप्टेंबर १९९९ रोजी एन. बी. सी. वाहिनीवर सुरू झालेली ही मालिका मार्च २००० मध्ये बंद करण्यात आली. तयार झालेल्या १८ भागांपैकी तोवर केवळ १२ दाखविले गेले होते. तरीही पाव शतक लोटल्यावर तिची आठवण जिव्हाळ्याने काढली जाते. ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

पॉल फीग यांच्या कल्पनेतून साकारलेल्या या मालिकेचा काळ १९८०-८१ चा आणि स्थळ मिशिगन राज्यातील एक शाळा. गणितात हुशार असलेली लिंडसे आजीच्या मृत्यूनंतर अस्वस्थ होते व शाळेतील उनाड टोळक्यात वावरू लागते. तिचा धाकटा भाऊ सॅम आपल्या बुजऱ्या मित्रांसह धटिंगणांना चुकवीत दिवस काढतो. कथानक एवढेच, परंतु मालिकेचे खरे वैभव तिच्या दुय्यम पात्रांत आहे.

जो फ्लॅहर्टी यांनी रंगविलेला बाप जेवणाच्या टेबलावर मुलांना सावध करतो. अमक्याने अमुक केले आणि तो मेला, हे त्याचे ठरलेले तात्पर्य. प्रेक्षक हसतो आणि हसता हसता त्यामागची धास्ती ओळखतो. बिझी फिलिप्स यांची भांडखोर किम प्रथम नकोशी वाटते. तिचे घर पाहिल्यावर मात्र तिच्या रागाचा उगम कळतो. तो भाग एन. बी. सी.ने मुळात दाखविलाच नाही! मार्टिन स्टार यांचा चष्मेवाला, किडकिडीत बिल रिकाम्या घरी येतो, स्वतःच खायला करून घेतो आणि दूरचित्रवाणीवरील विनोदवीर पाहत एकटाच पोट धरून हसतो. मुलाचे एकटेपण आणि त्याचा आनंद एकाच वेळी दाखविणारा असा प्रसंग विरळाच.

मग ही मालिका बंद का पडली? जाहिरातींवर चालणाऱ्या वाहिनीचा खरा ग्राहक जाहिरातदार असतो. प्रेक्षक हा तिने विकावयाचा माल. साहजिकच किती डोकी पडद्यासमोर बसली, एवढेच मोजले जाते. ती किती समरस झाली, याला हिशेबात रकाना नाही. आरंभी शनिवारची रात्र आणि पुढे सोमवारी एका अतिशय लोकप्रिय प्रश्नमंजूषेशी सामना, अशा वेळा वाट्याला आल्यावर आकडे वाढणार कसे? चाहत्यांच्या आग्रहानंतर जुलै २००० मध्ये आणखी तीन भाग दाखविण्यात आले. त्याच वर्षी पात्रनिवडीबद्दल मालिकेला एमी पारितोषिक मिळाले. मालिकेतील गाण्यांचे हक्क खर्चिक असल्याने डीव्हीडी संच निघण्यास २००४ साल उजाडले. प्रेक्षक तेव्हा प्रथमच स्वतः पैसे मोजणारा ग्राहक झाला, आणि मालिकेला दुसरे आयुष्य लाभले.

तोट्यातील कार्यक्रम वाहिनीने अनंत काळ चालवावा, असे कोणी म्हणणार नाही. परंतु बाजारातील आकडा हा त्या दिवशीच्या खपाचा निर्देशांक असतो, कृतीच्या मोलाचा नव्हे. प्रत्येक वर्गात गुणवत्ता यादीत नसलेला आणि नापासांच्या यादीतही नसलेला एखादा बिल बसलेला असतो. या मालिकेने अशांची हजेरी घेतली, म्हणूनच ती बंद पडूनही संपली नाही.