टिचक्या खाणारा भोवरा

पेडण्यातल्या आमच्या घरी फळीवर सावंतवाडीच्या चितारआळीतला एक लाकडी भोवरा आहे. जाळी ओढून सोडला की ताठ फिरतो, दम संपत आला की डुलायला लागतो. क्वांटम संगणकाच्या चुका मला या भोवऱ्यामुळे उमगल्या. पण आधी काड्यापेटी घ्या.

ती टेबलावर ठेवून आपल्याकडे ९० अंश कलंडवा, मग टेबलालगतच उजवीकडे ९० अंश फिरवा. आता हेच उलट क्रमाने करा. पेटी वेगळ्याच तोंडाने उभी राहते. ९० ऐवजी १० अंश घेतले, तर दोन क्रमांतला फरक सुमारे पावणेदोन अंश उरतो. १ अंश घेतला, तर त्याचाही शंभरावा भाग.

अणूंवर अनेक बले एकाच वेळी काम करतात. त्यांची नक्कल करणाऱ्या क्वांटम संगणकाला मात्र ती आळीपाळीने लावावी लागतात, आणि पेटीसारखाच इथेही क्रमाने फरक पडतो. भौतिकशास्त्रज्ञ सेठ लॉइड यांनी १९९६ मध्ये वाट दाखवली: काळाचे बारीक तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्यात आधी हे बल, मग ते. तुकडे दुप्पट केले की एकूण चूक निम्मी. मग तुकडे पाडतच का राहू नये? कारण प्रत्येक क्रियेत यंत्र स्वतःचीही थोडी चूक घालते. म्हणून तुकडा मोठा ठेवायचा मोह होतो.

तुकडा किती मोठा ठेवावा? भौतिकशास्त्रज्ञ लुकास झीबरर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हे एका क्वांटम भोवऱ्यावर तपासले. हा भोवरा लाकडाचा नव्हे, अणूसारख्या कणाच्या फिरकीचा. त्याच्यावर दोन बले एकाच वेळी सलग लावली तर तो शिस्तीत डुलतो. तुकडे पाडले की एक बल ठरावीक वेळाने टिचकीसारखे बसते. टिचक्या हलक्या आणि जवळजवळ असतील, तर डोलणे जवळपास मूळचेच. तुकडा एका मर्यादेपलीकडे गेला, की चूक हळूहळू वाढत नाही, एकदम उसळते. भोवरा बेबंद होतो. गंमत अशी की हा गोंधळ मूळ भोवऱ्यात नव्हताच. तो आपल्या तुकड्यांनी आणला.

त्याच वर्षी हाइल, हाउके आणि झोलर या भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवले, की या मर्यादेच्या अलीकडे चुंबकत्वासारख्या मोजमापांतली चूक गणना कितीही लांबली तरी आटोक्यात राहते. तेव्हा तुकडा थोडा थोडा मोठा करत उत्तर पाहावे. ते सावकाश सरकत असेल, तर त्या सरकण्यावरून शून्य लांबीच्या तुकड्याचे उत्तर काढता येते. एकदम विस्कटले, तर मागे फिरून तुकडा लहान करावा.