मॅकडोनाल्ड्सच्या आधीपासूनचा कल्याणचा 'बर्गर': घराच्या खिडकीतला वडापाव इतकी वर्षं कसा टिकला?

मुरबाडला रेल्वे नाही. कोर्टाचं काम असो, कॉलेज असो नाहीतर मोठी खरेदी, बहुतेकांची एसटी कल्याणला येऊन थांबते. शहापूरकर आसनगावहून लोकल पकडतात, त्यांच्याही वाटेत कल्याण येतंच. आणि कल्याणमध्ये भूक लागली की एक नाव हमखास निघतं, 'खिडकी वडा'.

नाव खिडकी का?

कारण धंदा खरंच खिडकीतून सुरू झाला. १९६० च्या दशकाच्या शेवटी कल्याणचं वझे कुटुंब आपल्या घराच्या रस्त्याकडच्या खिडकीतून वडे विकायचं. गिऱ्हाईक बाहेर उभं, कढई आत. लोकांनीच ते नाव पाडलं आणि तेच पुढे दुकानाचं नाव झालं.

तो काळही लक्षात घ्या. दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६ च्या सुमारास बटाटावडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असं सांगितलं जातं. गिरणी कामगाराला उभ्या उभ्या, एका हातात धरून, कमी पैशात पोट भरेल असं काहीतरी हवं होतं. म्हणजे वडापाव मुंबईत नुकताच रुजत होता, तेव्हा कल्याणची खिडकी उघडली. भारतात मॅकडोनाल्ड्स आलं १९९६ मध्ये. वडापावला 'इंडियन बर्गर' म्हणतात खरं, पण इथल्या लोकांनी वडापाव आधी खाल्ला, बर्गर नंतर पाहिला.

त्याच कल्याणमध्ये दुसरा प्रयोग

२००४ मध्ये 'गोली वडापाव' ही साखळी सुरू झाली. तिचं पहिलं दुकानही कल्याणमध्येच. वेंकटेश अय्यर आणि शिवदास मेनन यांना वडापाव बर्गरसारखा विकायचा होता, म्हणजे प्रत्येक दुकानात तोच आकार आणि तीच चव.

अडचण हाताची होती. हाताने वळलेला वडा एकसारखा होत नाही, हिशोबही नीट लागत नाही. म्हणून त्यांनी कारखान्यात बनवलेले, गोठवलेले वडे घेतले. ते पुरवणारी व्हिस्टा प्रोसेस्ड फूड्स ही कंपनी मॅकडोनाल्ड्सलाही माल पुरवत होती. दुकानात फक्त तळायचं. त्यामुळे गोलीला महाराष्ट्राबाहेरही पोहोचता आलं.

मग खिडकीचं गणित काय?

घरातून विकायचं म्हणजे जागेचं वेगळं भाडं नाही, टेबल-खुर्च्या नाहीत. पदार्थ मोजके, त्यामुळे माल पडून राहत नाही. गर्दी असेल तर घाणा सतत चालू राहतो आणि वडा गरम मिळतो. गरम मिळतो म्हणून गर्दी होते. वड्याचं निम्मं यश यातच आहे, कारण थंड झाला की बेसनाचं आवरण मऊ पडतं आणि तेल जाणवायला लागतं.

पण याच गणिताला मर्यादाही आहे. भाजीचं प्रमाण घरच्यांच्या हातात असतं. तो हात दुसऱ्या गावात नेता येत नाही, आणि घरातल्या पुढच्या पिढीने कढई धरली नाही तर धंदा तिथेच थांबतो. साखळीत माणूस बदलला तरी वडा बदलत नाही, मात्र तिथे कमाईत इतरांचाही वाटा असतो.

शहापूर-मुरबाडला याचं काय?

नाक्यावर गाडी लावायचा विचार करणाऱ्या तरुणापुढे हेच दोन रस्ते असतात. साखळीचं दुकान घेतलं तर नाव आणि तयार माल मिळतो, पण आधी मोठं भांडवल लागतं. स्वतःची कढई ठेवली तर खर्च कमी, पण बटाटा आणि तेल महागलं की झळ थेट घराला बसते. भाव दोन रुपयांनी वाढवला तरी रोजचं गिऱ्हाईक विचारतंच.

खिडकी वड्याने यातला दुसरा रस्ता धरला. तो चालतो, हे कल्याणने पन्नासहून जास्त वर्षं पाहिलंय. मात्र त्यासाठी रोज कढईपाशी उभं राहणारं घरचं माणूस लागतं.