हवामानदर्शक शुभंकर

शाळा, महाविद्यालय वा विद्यापीठ यांच्या क्रीडासंघाने वादळ, वीज इ. हवामानविषयक आविष्काराचे नाव धारण केले असता त्याचे प्रतीक म्हणून वापरली जाणारी आकृती किंवा वेषधारी पात्र. ही प्रथा मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आढळते. शुभंकर या अर्थाचा ‘मॅस्कॉट’ हा शब्द मूळ फ्रेंच असून एदमाँ ओद्रां याच्या ला मास्कॉत (१८८०) या संगीतिकेमुळे तो रूढ झाला. समान नाव, रंग आणि घोषणा यांमुळे आजी व माजी विद्यार्थ्यांत आपलेपणाची भावना निर्माण होते. या शालाभिमानाचे शुभंकर हे दृश्य रूप होय.

अशी नावे बहुधा स्थानिक अनुभवातून आलेली दिसतात. आयोवा राज्यातील एम्स येथील महाविद्यालयाने (सध्याचे आयोवा स्टेट विद्यापीठ) १८९५ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा ३६–० असा पराभव केला. शिकागोच्या एका वृत्तपत्राने या विजयास चक्रवाताच्या तडाख्याची उपमा दिली आणि ‘सायक्लोन्स’ हे नाव रूढ झाले. त्या काळी तेथील लोक टॉर्नेडोला (घूर्णवाती वादळाला) ‘सायक्लोन’च म्हणत. फ्लॉरिडातील मायामी विद्यापीठाचे वर्ग ऑक्टोबर १९२६ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी जेमतेम महिनाभर, १८ सप्टेंबर रोजी, हरिकेन वादळाने ते शहर उद्‌ध्वस्त केले होते व शेकडो माणसे मृत्युमुखी पडली होती. तेथील संघ ‘हरिकेन्स’ म्हणून ओळखला जातो. या नावाच्या उगमाविषयी एकाहून अधिक कथा सांगितल्या जातात. तथापि ज्या शक्तीपुढे माणूस हतबल ठरतो, तिचेच नाव घेऊन तिचे बळ आपलेसे करण्याची वृत्ती त्यामागे स्पष्ट दिसते.

वादळाला निश्चित आकार नसल्याने त्याचा वेष शिवता येत नाही. त्यामुळे नाव वादळाचे व रूप मात्र पक्ष्याचे, अशी तडजोड करावी लागते. आयोवा स्टेटने १९५४ मध्ये कार्डिनल पक्ष्याची निवड केली. मायामीचा शुभंकर पांढरा आयबिस (शराटीच्या कुलातील पक्षी) आहे. हरिकेनपूर्वी सर्वांत शेवटी निघून जाणारा व वादळानंतर सर्वप्रथम परतणारा पक्षी, अशी त्याच्याविषयी लोकसमजूत आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या नावांना सामाजिक महत्त्व प्राप्त झाले. मूळ अमेरिकन जमातींवरून घेतलेली नावे अवमानकारक आहेत, असा आक्षेप घेतला जाऊ लागला. न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स विद्यापीठाने १९९४ मध्ये ‘रेडमेन’ हे नाव सोडून ‘रेड स्टॉर्म’ (लाल वादळ) हे नाव स्वीकारले. अशा शुभंकरांवर राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने २००५ मध्ये निर्बंध घातल्यानंतर, साउथईस्टर्न ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाचा ‘सॅव्हेजेस’ (रानटी लोक) हा संघ २००६ मध्ये ‘सॅव्हेज स्टॉर्म’ झाला. वादळ कोणत्याही जमातीचे नसल्याने त्याच्या नावाने कोणाची विटंबना होत नाही. जुन्या नावातील एक शब्द मात्र दोन्ही ठिकाणी कायम राहिला. नाव बदलले, तरी त्याच्याशी जोडलेल्या भावना सहजी सुटत नाहीत, हे यावरून दिसून येते.