खर्चाच्या वहीतली मुलगी

थॉमस जेफर्सनला लिहून ठेवण्याची खोड होती. आलेल्या-गेलेल्या प्रत्येक पत्राची नोंद, पाठवलेल्या पत्राची यंत्रावर काढलेली नक्कल, रोजचं तापमान, पैन्‌पैचा हिशेब. १७८४ ते १७८९ तो पॅरिसात होता, फ्रँकलिननंतर अमेरिकेचा वकील म्हणून. त्या पाच वर्षांतल्या त्याच्या खासगी आयुष्यावर 'जेफर्सन इन पॅरिस' हा चित्रपट १९९५ साली आला. निर्माता आपल्या मुंबईचा, झेवियर्समध्ये शिकलेला इस्माईल मर्चंट. दिग्दर्शक जेम्स आयव्हरी, पटकथा रूथ प्रवर झाबवाला यांची. तिकीटखिडकीवर तो साफ आपटला.

चित्रपटाचा पूर्वार्ध देखणा आहे आणि मला कंटाळवाणा वाटतो. व्हर्साय, रेशमी घोळ, पावडर लावलेले टोप आणि मरिया कॉस्वे. ही चित्रकार बाई जेफर्सनला १७८६च्या ऑगस्टमध्ये भेटली. ती विवाहित होती, तो चार वर्षांपूर्वी विधुर झालेला. सप्टेंबरात त्याचं उजवं मनगट दुखावलं, आणि ऑक्टोबरात त्याने डाव्या हाताने तिला एक लांबलचक पत्र लिहिलं, डोकं आणि हृदय यांच्यातला संवाद रचून. एवढा मालमसाला हाती असल्यावर पटकथाकार तिकडे झुकणारच. पण या प्रकरणात कोणाचंच फारसं पणाला लागलेलं नव्हतं.

पणाला लागलं होतं त्याच्या शाँझेलिझेवरच्या घरात. तिथे जेम्स हेमिंग्ज फ्रेंच स्वयंपाक शिकत होता. जेफर्सनने व्हर्जिनियाहून आणलेला हा तरुण गुलाम. १७८७ साली जेफर्सनची मुलगी पॉली बोटीने आली, तिला सोबत म्हणून जेम्सची बहीण सॅली. वय चौदा. ही भावंडं जेफर्सनच्या दिवंगत पत्नीची सावत्र भावंडं होती. तिघांचा बाप एकच, जॉन वेल्स. म्हणजे नात्याने सॅली त्याची मेहुणी आणि कायद्याने त्याची मालमत्ता. व्हर्जिनियात असा गुंता दुर्मीळ नव्हता. उघड बोलायची पद्धत मात्र नव्हती.

फ्रान्सच्या भूमीवर गुलामाला न्यायालयात अर्ज करून सुटका मागता येत असे. जेफर्सनला हे पक्कं ठाऊक होतं. १७८६ साली एका गृहस्थाने आपल्या गुलाम पोराबद्दल विचारणा केली, तेव्हा विषय न काढता गप्प राहावं, असा सल्ला या वकिलाने दिला होता. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्याच हाताने.

एवढं लिहिणाऱ्या माणसाने सॅलीबद्दल काय लिहिलं? देवी टोचल्याचा खर्च, काही महिने दिलेला पगार, १७८९ साली घेतलेले कपडे. तिचं त्याला किंवा त्याचं तिला एकही पत्र नाही. चित्रही नाही. त्याच काळात पुण्याच्या रेसिडेन्सीत इंग्रज वकील चार्ल्स मॅलेटबरोबर राहणाऱ्या अंबर कौर या हिंदुस्थानी बाईचं चित्र निदान चित्रकार जेम्स वेल्सने रंगवून ठेवलं. सॅलीच्या वाट्याला तेवढंही नाही.

पुढचं कळतं ते तिचा मुलगा मॅडिसन याच्याकडून. १८७३ साली ओहायोतल्या एका वृत्तपत्रात त्याची हकीकत छापून आली. ती अशी : पॅरिस सोडायची वेळ आली तेव्हा आई जेफर्सनपासून गरोदर होती, आणि तिने परत जायला नकार दिला. खास सवलती आणि होणारी मुलं एकवीस वर्षांची झाल्यावर मुक्त, एवढं वचन घेऊनच ती बोटीवर चढली. सोळा वर्षांची पोर मुरलेल्या मुत्सद्द्याशी वाटाघाट करते. वचन बऱ्याच अंशी पाळलंही गेलं : दोन मुलं १८२२च्या सुमारास निघून गेली, तर मॅडिसन आणि त्याचा भाऊ एस्टन जेफर्सनच्या मृत्युपत्राने सुटले.

आयव्हरीने मॅडिसनच्याच तोंडून चित्रपटाची चौकट उभी केली, जेम्स अर्ल जोन्सला ती भूमिका दिली, आणि हे नातं घडलं असं गृहीत धरलं. त्यावर काही इतिहासकार भडकले. मग १९९७ साली अ‍ॅनेट गॉर्डन-रीड यांनी जुन्या पुराव्यांची पुन्हा कसून उलटतपासणी केली. १९९८ साली एस्टनच्या वंशजाचा डीएनए जेफर्सन घराण्याच्या पुरुषवंशाशी जुळला. २००० साली माँटिसेलो हे जेफर्सनचं व्हर्जिनियातलं घर सांभाळणाऱ्या प्रतिष्ठाननेही, सॅलीच्या मुलांचा बाप बहुधा थॉमस जेफर्सनच, असं मान्य केलं.

चित्रपटाची खरी चूक वेगळी आहे. थॅन्डीवे न्यूटनची सॅली इतकी अल्लड, लाडिक आहे की ही मुलगी सौदा करील हे पटत नाही. सगळा कणखरपणा जेम्सच्या वाट्याला गेला आहे. आणि चित्रपटातली पॅरिसची कथा १७८९लाच थांबते, त्यामुळे जेम्सचंही पुढचं राहून जातं. जेफर्सनने त्याला सोडलं, पण अट घालून : आधी दुसरा स्वयंपाकी तयार कर. जेम्सने धाकट्या भावाला, पीटरला शिकवलं आणि १७९६ साली सुटला. जाण्यापूर्वी माँटिसेलोच्या मुदपाकखान्यातल्या भांड्यांची यादी त्याने स्वतःच्या हाताने केली. ती आजही आहे. पुन्हा कोणी या कथेवर चित्रपट करणार असेल, तर त्याने व्हर्सायचे सेट विसरून ती यादी आधी वाचावी.