इंजिनाला आजीबाईचा बटवा चालतो का?

तुमच्याही मोबाइलवर तो व्हिडिओ येऊन गेला असेल. एक जण गाडीचं बॉनेट उघडतो, इंजिनात डिझेल ओततो, दहा मिनिटं गाडी चालू ठेवतो आणि मग खालून काळाकुट्ट चिखल बाहेर पडतो. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘दोनशे रुपयांत इंजिन नव्यासारखं!’

मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. आमची गाडी अकरा वर्षं जुनी, बाबांनी सेकंडहँड घेतलेली, हप्ते अजून फिटायचेत. चढाला दम खाते. सर्व्हिसिंगला नेली की कुणीतरी ‘डिकार्बन करून घ्या’ म्हणत हजारांतला आकडा सांगतं. दोनशेत काम होत असेल तर कोण सोडेल?

रविवारी सकाळी दोन लिटर डिझेलचा कॅन घेऊन मी गाडीखाली शिरले. नशीब चांगलं, ऑइल चेंबरचा नट माझ्याच्यानं सुटलाच नाही. म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या मिस्त्रीमामांकडे गेले. मामा सत्तरीला आलेत. गॅरेज आता मुलगा सांभाळतो, मामा खुर्चीत बसून आवाजावरून गाडीचा आजार ओळखतात.

“डिझेल कशाला आणलंयस गं?”

मी सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. हसले नाहीत. म्हणाले, “कॅन तिकडं लांब ठेव आणि बस आधी.”

रॉकेलची आंघोळ

पहिली गोष्ट म्हणजे, तो व्हिडिओवाला खोटं बोलत नव्हता. हा उपाय खरंच होता आणि सर्रास केला जायचा. फियाट, प्रीमियर पद्मिनी, अॅम्बेसेडरच्या जमान्यात इंजिन ऑइल आजच्यासारखं नव्हतं. मळ सोडवणारी आणि तो तेलात धरून ठेवणारी रसायनं त्यात कमी असायची. त्यामुळे काजळी, ओलावा आणि जळकं तेल मिळून चेंबरच्या तळाशी गाळ बसायचा, अगदी गुळाच्या काकवीसारखा. मग मिस्त्री जुनं तेल काढायचे, रॉकेल किंवा डिझेल भरायचे, इंजिन थोडा वेळ हळू चालवायचे, ते काढून टाकायचे आणि नवीन तेल घालायचे. रॉकेल गाळ विरघळवतं, त्यामुळे इंजिन खरोखर स्वच्छ व्हायचं.

मग अडचण कुठे आहे? मामांनी स्वतःचीच गोष्ट सांगितली. ऐन उमेदीत त्यांनी एका गिऱ्हाइकाची फियाट अशीच रॉकेलनं धुतली. दुसऱ्या दिवशी ते कुटुंब लग्नाला रत्नागिरीकडे निघालं. आंबा घाटात तेलाचा लाल दिवा लागला आणि काही मिनिटांत इंजिन जाम झालं. चेंबर उघडल्यावर कारण दिसलं. रॉकेलनं गाळ सुटला होता, पण सगळा विरघळला नव्हता. त्याचा एक गोळा तेल ओढणाऱ्या जाळीवर जाऊन बसला होता. तेल वर चढलंच नाही आणि बेअरिंग कोरडी घासत राहिली.

“दोन महिन्यांची कमाई त्या इंजिनात गेली,” मामा म्हणाले. “गिऱ्हाईक चांगलं होतं, काही बोललं नाही. पण त्यांची पोरगी लग्नाला पोचली नाही, हे अजून लक्षात आहे.”

दुसरा धोका व्हिडिओत दिसतच नाही. इंजिनातले धातूचे भाग एकमेकांना थेट टेकत नाहीत, मध्ये तेलाचा पातळ थर असतो. रॉकेल किंवा डिझेल असा थर नीट धरत नाही. म्हणजे ज्या दहा मिनिटांत इंजिन ‘धुतलं’ जातंय, त्याच दहा मिनिटांत ते झिजतही असतं. आणि तापलेल्या इंजिनाजवळ रॉकेल सांडलं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

पाण्याची बारीक धार

दुसरा उपाय ऐकून तर मी उडालेच. पेट्रोल जळतं तिथे, पिस्टनच्या डोक्यावर, कार्बनची खपली धरते. ती तापून लाल झाली की ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटतं. इंजिन खडखडायचं. कधी कधी चावी बंद केली तरी फडफडत चालूच राहायचं. खरा इलाज म्हणजे हेड उघडून खरवडणं. पण ते खर्चाचं काम. मग मिस्त्री काय करायचे? इंजिन गरम करून रेस वाढवायचे आणि कार्बोरेटरच्या तोंडातून पाण्याची अगदी बारीक धार सोडायचे.

हे सुचलं कसं असेल, याचा मामांचा अंदाज मला पटला. हेडचं गॅस्केट फुटून ज्या सिलिंडरमध्ये पाणी झिरपतं, त्याचा पिस्टन उघडल्यावर लख्ख दिसतो. बाकीचे काळे, तो एकटा चकचकीत! पाण्याची वाफ झाली की ते सोळाशे पटींहून जास्त फुगतं. गरम कार्बनवर ही वाफ बसली की खपली तडकते आणि सायलेन्सरमधून उडून जाते.

पण धार जरा जाड झाली तर? हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी साचलं की वर येणारा पिस्टन त्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे तुम्हाला नवं वाटेल, पण पुरात बुडालेली गाडी चालू करायला जातो तेव्हा नेमकं हेच होतं. २६ जुलै २००५ ची मुंबई असो की ऑगस्ट २०१९ चं कोल्हापूर-सांगली, पाणी ओसरल्यावर घाईनं चावी फिरवल्याचा फटका अनेक इंजिनांना बसला.

गाडी बदलली, उपाय तोच राहिला

मामांचं एक वाक्य मी वहीत लिहून घेतलं : “उपाय त्या गाडीचा होता, तुझ्या गाडीचा न्हाई.”

तेव्हा कार्बोरेटर होता. आता इंजेक्टर, सेन्सर आणि कॉम्प्युटर आहे. सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसलाय. वरून ओतलेलं काहीबाही आणि सुटलेली खपली त्याच्यात जाऊन अडकू शकते. टर्बो असेल तर त्याच्या गरगर फिरणाऱ्या दांड्याला तेलाचा क्षणभराचा खंडही महागात पडतो. शिसं असलेलं पेट्रोल देशात २००० सालीच बंद झालं. आणि शेवटची काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तिच्यासोबत तिचा बटवाही निवृत्त व्हायला हवा होता, पण तो व्हिडिओत जिवंत राहिला.

गंमत म्हणजे घरगुती डोकं अजून संपलेलं नाही. काही नव्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतात. त्यामुळे आत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हवरचा कार्बन पेट्रोलनं धुतला जात नाही. तो काढायला वर्कशॉपमध्ये चक्क अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबानं मारतात. कवच कार्बन खरवडण्याइतकं कडक असतं, पण धातूला ओरखडे पडणार नाहीत इतकं मऊही असतं.

मग करायचं काय?

मामांनी सांगितलेलं जसंच्या तसं देते :

* तेल वेळेवर बदला. मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि महिने दोन्ही दिलेले असतात, जे आधी येईल ते धरा. गाडी उभी होती म्हणून तेल ताजं राहत नाही.
* काळं तेल बघून घाबरू नका. आजचं तेल मळ स्वतःत धरून ठेवतं, म्हणून काळं होतं. ते त्याचं कामच आहे.
* आठवड्यातून एकदा, गाडी सपाट जागी आणि थंड असताना, तेलाची काडी ओढून पातळी बघा.
* पाण्यात बुडालेली गाडी चालू करू नका. टो करून न्या.
* कुणी ‘डिकार्बन’ सुचवलं तर विचारा, का? कोणत्या लक्षणावरून? नीट उत्तर मिळालं नाही तर पैसे खिशातच ठेवा.

आणि एक जुना उपाय अजूनही चालतो. तो फुकट नाही, पण स्वस्त आहे. घर ते कॉलेज अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापतच नाही. आतला ओलावा आणि न जळलेलं पेट्रोल तेलातच राहतं आणि गाळ धरायला लागतो. म्हणून अधूनमधून गाडी मोकळ्या रस्त्यावर, वेगमर्यादेत, अर्धा-पाऊण तास सलग चालवायची.

आमच्या गाडीचं निदान मामांनी पाच मिनिटांत केलं. एअर फिल्टर धुळीनं गच्च भरलेला, प्लग संपलेले आणि तेल दीड वर्षापूर्वीचं. तिन्ही बदललं. खर्च दोनशेत बसला नाही, पण इंजिनही उघडावं लागलं नाही. “आता कागलपर्यंत जाऊन ये आणि सांग,” मामा म्हणाले. गेले. चढाला गाडीनं दम खाल्ला नाही.

परत आले तर डिझेलचा कॅन अर्धा रिकामा. मामांचा मुलगा एका ताटात नट-बोल्ट धूत बसला होता. मामा म्हणाले, “वाया कशाला घालवायचं? सुटे पार्ट धुवायला अजून हेच लागतंय.”