परत आलेला डबा

बालरुग्णांच्या रुग्णपत्रिकेवर औषधयोजनेच्या खाली बहुधा एक ओळ असते : 'पथ्य – लघु आहार'. लिहिणाऱ्या वैद्याला तिचा अर्थ स्वच्छ असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेचा डबा भरणाऱ्या आईला मात्र त्या ओळीतून पोळी द्यावी की भात, एवढाही बोध होत नाही. मग ती औषधालयात विचारते आणि तेथे तिच्या हाती 'पौष्टिक' असे छापलेली एखादी बरणी पडते. अशा वेळी आम्हांस आमच्या आजीचे स्मरण होते. तिला एकही श्लोक येत नव्हता. परंतु लघू काय आणि गुरू काय, हे तिला तव्यावर आणि पातेल्यात ठाऊक होते.

सन १९६० नंतरच्या दशकात वाईस आम्ही तिघे भावंडे तिच्या हातच्या अन्नावर वाढलो. शाळेचे डबे पितळेचे होते. कल्हई उडालेल्या डब्यात ती दहीभात किंवा चिंचेचे काही कदापि घालीत नसे. 'कळकेल' एवढेच तिचे कारण असे. कल्हईवाला येईपर्यंत कोरडी चटणी आणि भाकरी यांवर भागवावे लागे. तूप ती चिनी मातीच्या बरणीतच ठेवी. काशाच्या भांड्यात दहा दिवस राहिलेले तूप वाग्भटाचार्यांनी विरुद्ध सांगितले आहे, हे आम्ही पुढे वाचले.

डब्यात अपूर्वाईचे असे काही नसे. थंडीत तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोणी आणि गुळाचा खडा. मार्च-एप्रिलात सकाळची शाळा सुरू झाली की घरी परतल्यावर गूळ घालून कालवलेले सातूचे पीठ. पावसाळ्यात मात्र तिची खरी परीक्षा असे, कारण तेव्हा तिघांचीही भूक मंदावे. तांदूळ कोरडेच तांबूस भाजून ती मग भात करी. वरणात तुरीऐवजी मूग आणि चिमूटभर सुंठ येई. चरकाचार्यांनी विमानस्थानात आहारविधीच्या आठ आयतनांत 'करण' म्हणजे संस्कार सांगितला आहे. तांदूळ तोच, पण भाजल्याने लघू झाला; हा संस्कार तिने सासूकडून घेतला होता. सहलीला दशमी मिळे. ती दुधात भिजवलेली असल्याने तिच्यात मीठ नसे, आणि आम्ही कुरकुर केली तरी ते पडत नसे.

तथापि पाककृती आज पुस्तकांतून सहज मिळतात. आमच्या मते आजीचे वैद्यकीय महत्त्व डबा भरण्यापेक्षा तो परत घेण्यात होते. शाळेतून आलेला डबा ती स्वतः उघडी. काय उरले, किती उरले, भाकरीची कड उरली की मधला भाग, हे पाही. नंतरच विचारी, "भूक नव्हती की आवडलं नाही?" आवडले नाही म्हटल्यास दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा मिळे. भूक नव्हती म्हटल्यास जीभ दाखवावी लागे आणि त्या रात्री कढण व मऊ भात यांपलीकडे काही मिळत नसे. तिघांचे डबे एकाच सकाळी निरनिराळे भरले जात, यात लाडाचा भाग नव्हता. थोरल्याची भूक तीक्ष्ण, मधल्याची विषम आणि धाकटीची मंद होती. आपण ज्याला अग्निपरीक्षण म्हणतो ते या घरात रोज सायंकाळी होत असे.

थोरल्या बंधूंना विषमज्वर झाला तेव्हा डॉक्टरांचे औषध चालूच होते. ताप उतरल्यावर स्वयंपाकघराची सूत्रे आजीकडे आली. प्रथम नुसती पेज, मग मऊ भात, मग मुगाचे कढण, त्यानंतर तूप. आणि प्रत्येक पायरीवर ती त्याच्या मागणीची वाट पाही. पेया, विलेपी, यूष हा संसर्जनक्रम पुढे अभ्यासताना आम्हांस तो कोठेतरी पाहिल्यासारखा वाटला. शाळा पुन्हा सुरू झाली त्या दिवशी त्याच्या डब्यात मऊ भात, मेतकूट आणि तूप होते. उरलेल्या दोघांना त्या डब्याचा फार मत्सर वाटला होता.

आजीचे सारेच शास्त्राला धरून होते, असा दावा मात्र करता येणार नाही. शिकरण तिच्या घरी सणावाराला होई. केळे आणि दूध यांचा संयोग सुश्रुतसंहितेत निषिद्ध आहे; अष्टांगहृदयात केळ्याबरोबर ताक, दही व ताडफळ यांचा निषेध येतो. सात्म्य, अल्प मात्रा, दीप्त अग्नी, तारुण्य आणि व्यायाम असता विरुद्धान्न बाधत नाही, असा अपवादही चरकाचार्यांनी दिलेला आहे. तिला विचारले असता ती म्हणाली, "खोकला असला की मी करते का कधी?" परंपरेचे गोडवे गाताना हा भेद सोडू नये, नाहीतर 'आजीचे ते सर्व आयुर्वेदाचे' असा एक नवाच घोटाळा निर्माण होतो.

औषधालयचालकांचा प्रश्न येथेच येतो. मेतकूट, सातूचे पीठ, नाचणीसत्त्व, हळिवाचे लाडू हे सारे आता तयार मिळते, आणि ज्या घरी आजी नाही त्या घराला ते हवेच आहे. सन २०२२ मध्ये 'आयुर्वेद आहार' या नावाने विकायच्या पदार्थांसाठी अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचे स्वतंत्र विनियम आले. दोन वर्षांखालील बालकांसाठीची उत्पादने त्यांत बसत नाहीत, हे काउंटरवरील मदतनिसालाही माहीत असावे. हळीव उष्ण आहेत. वैशाखात तोंड आलेल्या मुलाच्या आईने ते लाडू मागितले, तर 'थंडीत न्या' असे सांगणारा दुकानदार आम्हांस विक्रेत्यापेक्षा वैद्याचा सहकारी वाटतो.

आमच्या चिकित्सालयात शाळकरी रुग्णांच्या पत्रिकेवर आता नाडी, जिव्हा, मल यांच्या जोडीने एक रकाना असतो : डबा परत येतो का, आणि त्यात काय उरते? सांगण्यासारखी गोष्ट अशी की, हा प्रश्न विचारल्यावर आई उत्तर देत असताना मुलाकडे पाहावे. 'सगळा संपवतो' असे ती म्हणत असते आणि मूल खाली पाहत असते.